संकरित म्हणू नका: 'क्रिओल' आणि 'मेतिस' या दोन शब्दांसाठी एक खुले पत्र

मराठीत कोश तयार करणाऱ्या, परभाषेतली पुस्तकं मराठीत आणणाऱ्या आणि रात्रपाळीला परदेशी बातम्या मराठीत उतरवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. गेली बावीस वर्षं अनुवादाचं काम करते आहे. गेल्या महिन्यात एका प्रकाशनगृहाकडून माझी मुद्रितं तपासून परत आली. एक प्रकरण कॅनडावर होतं. त्यात मी जिथे जिथे 'मेतिस' लिहिलं होतं, तिथे तिथे लाल शाईने 'संकरित वंशाचे लोक' असं केलेलं. पुढचं प्रकरण अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं. तिथल्या 'क्रिओल' लोकांनाही तीच लाल शाई, तेच तीन शब्द. समासात टीप होती: "दोन्ही एकच ना? वाचकाला कळेल असं लिहा."

संपादकांवर माझा राग नाही. त्यांनी हाताशी असलेला कोश उघडला असणार. माझ्या फडताळातले दोन कोश मीही उघडून पाहिले; दोन्ही शब्दांपुढे दोन्हीकडे 'मिश्रवंशीय, संकरज' एवढंच. म्हणजे चूक एका माणसाच्या हातून झालेली नाही. आपण सगळ्यांनी मिळून ती वर्षानुवर्षं एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेतली आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आधी 'संकरित'चं बोलू. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो माझ्या आजोळी, जनावरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर: 'संकरित गाय, भरपूर दूध.' आजोबांनी तशी एक गाय घेतलीही. उन्हात ती धापा टाकायची आणि सगळं घर तिच्यावर ओली पोती टाकत बसायचं. दुसरा संकर होता ज्वारीचा. "हायब्रीडच्या भाकरीला चव कुठली?" हे आजीचं रोजचं पालुपद. गाय आणि ज्वारी यांच्यासाठी हा शब्द चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माणसांना तो लावला की त्याच्यामागून दुसरंही काही आत शिरतं. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन वर्णसंकराची भीती घालतो आणि 'संकरो नरकायैव' म्हणत थेट नरकापर्यंत पोचतो. तो नरक आपल्या शब्दकोशाने न्यू ऑर्लिन्सच्या एखाद्या चांभाराच्या माथी का मारावा? (चांभार उगाच म्हटलेलं नाही. खाली येतो तो.)

आता मूळ शब्दांकडे.

'क्रिओल'चं मूळ पोर्तुगीज 'क्रिआर' या क्रियापदात आहे. अर्थ: वाढवणं, पोसणं. 'क्रिओलो' म्हणजे इथेच जन्मून इथेच वाढलेला. लॅटिन अमेरिकेत आजही 'गायिना क्रिओया' मागितली की समोर येते ती आपली गावठी कोंबडी. लुइझियानाच्या बाजारात 'क्रिओल टोमॅटो' असतात, म्हणजे बाहेरून ट्रकने न आलेले, तिथल्याच मातीतले. आपल्या मंडईतल्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. अंडी गावठी की पोल्ट्रीची, हा प्रश्न ती दिवसातून पन्नास वेळा ऐकते. 'गावठी' या शब्दात आईबापांची जात विचारलेली नसते, जागा विचारलेली असते.

'मेतिस'चं मूळ लॅटिनमधल्या मिसळण्यात आहे. स्पॅनिश 'मेस्तिसो', पोर्तुगीज 'मेस्तिसू' ही त्याचीच भावंडं. इथे प्रश्न आईबापांचा आहे: दोघे दोन वेगवेगळ्या लोकांतले का?

तेव्हा पहिला शब्द विचारतो 'जन्म कुठला?' आणि दुसरा विचारतो 'आई कोण, बाप कोण?' दोन निरनिराळे प्रश्न. एकाच माणसाला दोन्ही विचारता येतात, आणि उत्तरं चारही तऱ्हेची येऊ शकतात.

हा फरक मी शोधून काढलेला नाही. इंका गार्सिलासो दे ला वेगा हा गृहस्थ 1539 साली पेरूतल्या कुस्कोत जन्मला. वडील स्पॅनिश सरदार, आई इंका राजघराण्यातली. 1609 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की 'क्रिओलो' हा शब्द मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी काढला. गिनीतून आलेला वेगळा आणि इथे जन्मलेला वेगळा, हे दाखवायला. मग तोच शब्द स्पॅनिश लोकांनी आपल्या तिथे जन्मलेल्या मुलांना लावला. स्वतःबद्दल मात्र तो म्हणतो, मी मेस्तिसो. आणि हे नाव मी तोंड भरून घेतो, त्यात मला मान वाटतो. चारशे वर्षांपूर्वी या माणसाने दोन शब्द दोन खणांत नीट ठेवले होते. आपण ते एका खणात कोंबले.

लांब कशाला जायचं? गोव्यात हाच हिशेब सोळाव्या शतकात चालू होता. पोर्तुगालमध्ये जन्मून आलेला तो 'रेनॉल'. पोर्तुगीज आईबापांच्या पोटी हिंदुस्थानात जन्मलेला तो 'कास्तिसू'. आणि एक बाजू पोर्तुगीज, दुसरी इथली, तो 'मेस्तिसू'. आर्चबिशपच्या पदरी असलेल्या लिन्शोटेन नावाच्या डच माणसाने 1580च्या दशकात गोव्यात राहून हे शब्द टिपून ठेवले आहेत. स्पॅनिश अमेरिकेतला 'क्रिओलो' साधारणपणे आपला कास्तिसू झाला आणि 'मेस्तिसो' तो मेस्तिसूच. ज्यांच्या शेजारी ही त्रयी शेकडो वर्षं नांदली, त्या आपल्या भाषेच्या कोशात दोघांना एकच अर्थ असावा, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'इथला' आणि दुसऱ्याचं 'मिसळ नाही' असं असेल, तर नमुना म्हणून नेपोलियनची बायको जोसेफिन घ्या. जन्म 1763, मार्टिनिक बेटावर, उसाच्या मळेवाल्या गोऱ्या फ्रेंच घराण्यात. पॅरिसमध्ये तिला क्रिओल म्हणत. आता तिथे 'संकरित वंशाची जोसेफिन' असं छापून पाहा. आफ्रिकेतून आणलेल्या आईबापांचं त्याच बेटावर जन्मलेलं मूलही क्रिओलच. मळा एक, मालकीणही क्रिओल आणि तिच्या उसात राबणारीही क्रिओल.

शब्द पुढे चालत गेले आणि गावोगाव त्यांचे अर्थ बदलले, हे मला मान्य आहे. पण बदलले म्हणजे एक झाले नाहीत, आणि रक्ताची आणेवारी काढून तर ते मुळीच कळत नाहीत. त्यासाठी दोन माणसं तुमच्यासमोर ठेवते.

पहिला तो चांभार. होमर प्लेसी, न्यू ऑर्लिन्सचा, जोडे शिवणारा. फ्रेंच बोलणाऱ्या क्रिओल वस्तीतला. आठ पणज्या-पणजोबांतलं एक आफ्रिकी, बाकी गोरे. सोळा आण्यांत दोन आणे. 7 जून 1892 रोजी तो रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. चुकून नव्हे, ठरवून. तिथल्या नागरिकांच्या समितीने कायद्याला आव्हान द्यायचं म्हणून त्याला बसवलं होतं. दिसायला तो इतका गोरा की त्याने स्वतः सांगितल्याशिवाय कोणाला कळलंही नसतं. अटक झाली, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1896 साली न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले. शेजाऱ्यांसाठी तो क्रिओल होता: त्यांचं गाव, त्यांची फ्रेंच, त्यांचं चर्च. कायद्याला ते नको होतं. कायद्याला दोन आणे हवे होते.

दुसरा लुई रिएल. जन्म 1844, रेड नदीच्या काठी, आज जिथे कॅनडाचं विनिपेग शहर आहे तिथला. याचंही गणित तेच: आठातलं एक मूळनिवासी, बाकी फ्रेंच. दोन आणे. पण हा मेतिस. नुसता मेतिस नव्हे, त्या लोकांचा पुढारी.

आकडा सारखा आणि शब्द मात्र वेगळे. का?

1869 सालचा ऑक्टोबर. कातड्यांचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी आपला प्रचंड मुलूख तीन लाख पौंडांना कॅनडाला देऊन टाकायच्या बेतात होती. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. रेड नदीकाठच्या मेतिसांची शेतं कशी होती ते आपल्या नदीकाठच्या माणसाला लगेच डोळ्यांसमोर येईल. नदीला लागून अरुंद तोंड आणि मागे दोन मैल लांब शेपटी, म्हणजे प्रत्येकाला पाणी, झाड, शेत सगळं मिळावं. त्याच्याही मागे गवत कापायचा हक्क. सरकारी मोजणीदार आले ते चौकोनी आखणी घेऊन, या पट्ट्यांच्या डोक्यावरून. 11 ऑक्टोबरला रिएलच्या नात्यातल्या एकाच्या गवताच्या रानात त्यांनी साखळी टाकली. त्या शेतकऱ्याला इंग्रजी येईना, म्हणून तो धावत जाऊन माणसं घेऊन आला. त्यांत रिएल होता, अजून पंचविशीही न गाठलेला, माँट्रियलला शिकून परतलेला. तो पुढे झाला आणि त्याने मोजणीच्या साखळीवर पाय दिला. इथून पुढे नाही. मोजणीदार निघून गेले.

आपल्याकडे बांधावरून काय काय होतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या पायाचं वजन सांगायला नको. पुढे रिएलने हंगामी सरकार उभं केलं, 1870 साली मॅनिटोबा प्रांत झाला आणि मेतिस मुलांसाठी 14 लाख एकर जमीन राखून ठेवायचं वचन कायद्यात लिहिलं गेलं. ते नीट पाळलं गेलं नाही, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली म्हटलं. रिएलला तेवढं आयुष्य मिळालं नाही. 1885 साली कॅनडा सरकारच्या फौजेशी झालेली बटोशची लढाई मेतिस हरले आणि 16 नोव्हेंबरला रेजायना गावी त्याला फाशी दिलं.

म्हणजे हे लोक फ्रेंच किंवा स्कॉटिश कातडेव्यापारी आणि क्री, ओजिब्वे या मूळनिवासी लोकांतल्या बायका यांची लेकरं खरीच. पण शे-दीडशे वर्षांत त्यांची आपसांत लग्नं झाली, रानगव्यांच्या शिकारीचे त्यांचे स्वतःचे नियम झाले, लोखंड न वापरता बांधलेल्या, कुरकुरत जाणाऱ्या त्यांच्या गाड्या झाल्या, निळ्या कापडावर आडव्या आठचं निशाण झालं. त्यांचं राष्ट्र झालं. 1982च्या कॅनडाच्या संविधानात मूळनिवासी लोक म्हणून तीन नावं आहेत: इंडियन, इन्युइट आणि मेतिस. 'संकरित' असं संविधानात कोणी कोणाला म्हणत नाही.

आणखी एक खटला सांगते, कारण तो थेट आपल्या कोशाच्या कामाचा आहे. 1993 साली ऑन्टॅरिओत स्टीव्ह पावली आणि त्यांच्या मुलाने एक मूस मारला. मूस म्हणजे घोड्याहून थोराड सांबरासारखा प्राणी. परवान्याचा बिल्ला नव्हता. त्यांनी हाताने चिठ्ठी लिहून शिकारीला लावली की हे माझं हिवाळ्याचं मटण. खटला दहा वर्षं चालला. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि मेतिस कोण, यासाठी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या: माणूस स्वतःला मेतिस म्हणवतो का, त्याचं नातं एखाद्या ऐतिहासिक मेतिस समाजाशी पोचतं का आणि आजचा तो समाज त्याला आपला मानतो का. रक्तात किती टक्के, हा प्रश्न त्यात नाही. एक आजी क्री होती म्हणून कोणी आपोआप मेतिस होत नाही.

यात एक खोच आहे आणि ती देवनागरीमुळे आपल्याला जास्त लागते. फ्रेंचमध्ये हाच शब्द साधा म्हणूनही वापरतात, कोणत्याही मिश्र आईबापांच्या मुलासाठी. रोमन लिपीत मोठ्या अक्षराने लिहिलेला मेतिस म्हणजे तो समाज, बारीक अक्षरातला म्हणजे नुसतं वर्णन. आपल्याकडे मोठं-बारीक अक्षर नाही. बेल्जियमच्या सरकारने काँगो, रुआंडा, बुरुंडीत गोऱ्या बापांची आणि आफ्रिकी आयांची मुलं आयांपासून तोडून मिशनऱ्यांकडे ठेवली. त्यांनाही कागदोपत्री हाच शब्द. 2019 साली बेल्जियमच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागितली आणि डिसेंबर 2024 मध्ये ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयाने अशा पाच स्त्रियांच्या खटल्यात याला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवलं. या बातमीत 'मिश्रवंशीय मुलं' हा अनुवाद चालेल, नव्हे, तोच बरा. ही मुलं म्हणजे एक समाज नव्हता. सरकारने त्यांच्यावर मारलेला तो शिक्का होता. पण रिएलच्या बातमीत 'मेतिस'च हवा. उपसंपादकाने एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं. उच्चाराचा घोळ मात्र राहील: फ्रेंच 'मेतिस' म्हणतात, कॅनडातले इंग्रजी बोलणारे 'मेटी'. मी पहिला धरते, कारण रिएल फ्रेंच बोलायचा. कोणी दुसरा धरला तर भांडणार नाही.

भाषांतही हे दोन शब्द जोडीने चालत नाहीत. मेतिसांची मिचिफ भाषा पाहा. तिच्यातली नामं फ्रेंच, अगदी पुल्लिंग-स्त्रीलिंगासकट. क्रियापदं क्री भाषेची, त्यांच्या सगळ्या अवघड रूपांसकट. दोन्ही भाषा पक्क्या येणाऱ्यांनीच ही गुंफण केली असणार, म्हणून भाषाशास्त्रज्ञ तिला क्रिओल म्हणत नाहीत, मिश्र भाषा म्हणतात. क्रिओल भाषेचं तंत्र निराळं. शब्द मालकाच्या भाषेतले, पण व्याकरण नव्याने बांधलेलं. मॉरिशसच्या क्रिओलमध्ये 'मो पे मांझे' म्हणजे मी जेवतो आहे, 'मो ती मांझे' म्हणजे जेवलो, 'मो पू मांझे' म्हणजे जेवेन. क्रियापद जागचं हलत नाही. फ्रेंच क्रियापदाच्या तक्त्यांपुढे रडलेल्या कोणालाही हे वाचून बरं वाटेल.

आणि क्रिओल भाषा आपल्या रायगडातही आहे. रेवदंड्याजवळ कोर्लई. पोर्तुगीज चौलहून 1740 साली निघून गेले, पण किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेपासून झालेली बोली अजून घरात बोलतात, साधारण हजारभर माणसं. ती तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. शब्द पोर्तुगीज आणि क्रियापद मात्र वाक्याच्या शेवटी, मराठीसारखं. भाषा क्रिओल, पण ती बोलणारे स्वतःला क्रिओल म्हणवत नाहीत. माणसांचा 'क्रिओल' आणि भाषेचा 'क्रिओल' या कोशात दोन वेगळ्या नोंदी हव्यात, ही माझी दुसरी मागणी.

हे मला शिकवलं ते एका मुलीने. आमच्या वरच्या खोलीत दोन वर्षं पेइंग गेस्ट होती. मॉरिशसची, मराठी घरातली. पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेले. मराठी तिने शाळेत शिकलेली, जपून, पाय टाकत बोलायची. फोनवर आईशी मात्र क्रिओल सुसाट. मी एकदा पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं, "ही आमची क्रिओल मुलगी." ती हसली, पाहुणे गेल्यावर म्हणाली, "मावशी, मी क्रिओल बोलते. मी क्रिओल नाही." मॉरिशसमध्ये क्रिओल म्हणजे मुख्यतः आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज, बहुतेक कॅथलिक. 1968च्या संविधानाने हिंदू, मुसलमान आणि चिनी वंशाचे असे तीन समाज नावाने सांगितले आणि उरलेल्या सगळ्यांना 'सामान्य लोकसंख्या' म्हटलं. क्रिओल त्या उरलेल्यांत. शेजारच्या रेयुनियाँ बेटावर मात्र बेटावर जन्मलेला कोणीही क्रिओल: गोरा, काळा, तमिळ वंशाचा, सगळे. तिथे ही मुलगी जन्मली असती तर बिनदिक्कत क्रिओल ठरली असती.

तेव्हा माझं मागणं एवढंच. 'क्रिओल' आणि 'मेतिस' हे शब्द जसेच्या तसे ठेवा. मराठीने तंबाखू आणि पाव पचवले, हेही पचतील. 'क्रिओल'पुढे पहिला अर्थ 'वसाहतीत जन्मलेला व वाढलेला' असा द्या, मग प्रदेशाप्रमाणे बाकीचे. भाषेचा अर्थ वेगळ्या नोंदीत. 'मेतिस'पुढे आधी कॅनडातला समाज आणि नंतर 'मिश्रवंशीय' हा सर्वसाधारण अर्थ. 'संकरित' गायीकडे परत पाठवा. माझी मुद्रितं मी दुरुस्त करून, समासात दोन ओळी लिहून पाठवली आहेत. उत्तर अजून यायचं आहे.

त्या मुलीचं एक राहिलं. इथल्या एका शिक्षणसंस्थेच्या अर्जात 'मातृभाषा' असा एकच रकाना होता. तिने 'क्रिओल' लिहिलं, खिडकीतल्या बाईंनी ते खोडून 'मिश्र' केलं. ती अर्ज घरी घेऊन आली आणि मला विचारू लागली की आता काय करू. त्यांच्याकडे जनगणनेत दोन प्रश्न असतात म्हणे: घरी कोणती भाषा बोलता, आणि पूर्वजांची भाषा कोणती. आम्ही नवा अर्ज आणला. तिने त्या एका रकान्यात बारीक अक्षरांत दोन ओळी बसवल्या. वर 'क्रिओल, घरची'. खाली 'मराठी, आजीच्या आजीची'.

आपली,
एक अनुवादक, पुणे